बैलाच्या पाठीवरची गोळी

तान्हा पोळा वर्षातून एकदाच येतो, हे जगातल्या सगळ्या पोरांना मान्य आहे. एकट्या मैत्रीला नव्हतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवतात, दोरीनं ओढत दारोदार नेतात, आणि घरोघरची बाई त्यांच्या हातावर बोजारा ठेवते, म्हणजे कुठं खाऊ, कुठं एखादं नाणं. संध्याकाळी बैल फळीवर चढतो, पोरं पुन्हा पाटीपुस्तकाला लागतात. मैत्रीचा बैल काही फळीवर चढला नाही. चिखल्याच्या खाणकामगारांच्या चाळीत त्यानंतरचा प्रत्येक दिवस तान्हा पोळा होऊनच उजाडू लागला, आणि त्याला दुसरंतिसरं कोणी जबाबदार नव्हतं. तिची आई तृप्तीच होती.

मैत्री पाच वर्षांची, अंगानं काडी, जिभेनं तिखट. तिला सिकलसेल होता. आईच्या रक्तातून अर्धा आला, बापाच्या रक्तातून अर्धा, आणि पोरीत तो पुरा झाला. ज्यांच्यात अर्धा असतो त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. तृप्ती आणि प्रफुल्लला तो लग्नानंतर चार वर्षांनी लागला, पोरीची बोटं सुजून ती किंचाळायला लागली तेव्हा. भंडाऱ्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं समजावून सांगितलं होतं, की हिच्या रक्तातले गोल कण विळ्यासारखे वाकडे होतात अन् बारक्या नसांत अडकून बसतात. म्हणून रोज गोळी. म्हणून गिलास गिलास पाणी. गोळी चुकली की दुखणं दारात उभं.

आता पाच वर्षांच्या पोरीला हे कसं सांगायचं, ते ज्यानं त्यानं आपल्या घरी करून पाहावं. गोळी दिसली की मैत्रीचे दात असे बसायचे, की चमच्याचा दांडा वाकावा. गूळ झाला, केळं झालं, साखर झाली, धाक झाला, पाया पडून झालं. सिस्टरनं चमकत्या चांदण्यांचा एक कागद दिला होता. "गोळी घेतली की एक चांदणी हातावर लावून द्यायची. नंतर हं, आधी नाही. आधी दिली तर ती लाच होते." तृप्तीनं मान डोलावली. घरी आल्यावर मैत्रीनं तो कागद हातात घेतला आणि सगळ्या चांदण्या एका दमात आपल्या लाकडी बैलाच्या कपाळावर चिकटवून टाकल्या. बैलानं कधी गोळी घेतली नव्हती, पण बक्षीस त्याला मिळालं.

पावसाळ्यात तर कहर झाला. पोरगी दोनतीन आठवडे शहाण्यासारखी तोंड उघडत होती, तृप्ती खूश होती, आणि एक दिवस पोरीचे हातपाय सुजले. भंडाऱ्याला आठवडाभर काढून घरी आल्यावर गादी झटकायला घेतली तर खालून ओल्या, अर्धवट विरघळलेल्या गोळ्या निघाल्या. गालात धरून पोरगी त्या मागाहून थुंकत होती. तृप्ती त्या गादीवरच बसली आणि रडली. पोरीवर तिला राग आला नाही, स्वतःवर आला. आपण तोंड उघडलेलं पाहिलं आणि गिळलेलं पाहिलं नाही, ही गोष्ट तिच्या मनातून गेली नाही.

आणि मग आला तान्हा पोळा. ह्या घरात देवधर्माचे सण नव्हते, पण पोरांचा बैल कोण अडवतो? खाणीतून निवृत्त झालेल्या गोमाजी सुतारानं सागाच्या तुकड्याचा बैल करून दिला होता, चार चाकांचा, मान जरा वाकडी. मैत्री दारात बैल घेऊन तयार, आणि सकाळची गोळी अजून वाटीत. तृप्तीला काय सुचलं कोण जाणे. तिनं खोबरेल तेलाच्या बाटलीचं झाकण बैलाच्या पाठीवर चिकटवलं, त्यात गोळी ठेवली आणि म्हणाली, "बैल गोळी घेऊन बायजाबाईच्या दारी जाते. तिथं तू गोळी गिळाची, तोंड उघडून दाखवाचं. गिळल्याबिगर बोजारा नाही."

शेजारच्या बायजाबाईच्या दारात मैत्रीनं गोळी अशी गटकावली, की बाईच्या हातातला मुरमुऱ्याचा लाडू पडायचा राहिला. तृप्तीला नाचावंसं वाटलं. नाचली नाही ते बरंच झालं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी झाकणात ठेवून ती बिस्किट घेऊन पोरीसमोर बसली, तर पोरीनं तोंड फिरवलं.

"आपल्याच घरचा बोजारा नसते," मैत्री म्हणाली.

नियम तर खराच होता. बोजारा दुसऱ्याच्या दारचा असतो. आपल्या आईनं दिलेलं बिस्किट म्हणजे नुसतं बिस्किट.

तेव्हापासून तृप्तीच्या गळ्यात हे लोढणं पडलं. प्रफुल्ल सकाळच्या पाळीला खाणीत उतरला, की ती पदराआड बिस्किटपुडा, चिक्की, कधी उकडलेला शिंगाडा घेऊन मागच्या दारानं कोणाकडे तरी जायची आणि हळूच म्हणायची, "बाई, आज बैल तुमच्याकडे येईन. येवढं तिच्या हातावर ठेवजा." मग पुढच्या दारानं बैल खडखडत निघायचा. पहिले काही दिवस चाळीला मोठी मजा वाटली. बाया कौतुकानं ओरडायच्या, "आला व, आला बैल!" पण रोज येणाऱ्या पाहुण्याचं अप्रूप उरत नाही, तसं कौतुक पातळ होत गेलं. एकीनं म्हटलं, सकाळी माझी घाई असते. दुसरीनं सरळ म्हटलं, "देतो ना बाई, माहं कुठं काय जाते. तेवढा माहा एक ब्लाउज पाहून दे जमलं तं."

तृप्तीकडे शिलाई मशीन होतं, आणि ते साऱ्या चाळीला ठाऊक होतं. मग काय, मशीनपाशी ब्लाउजांचा ढीग वाढायला लागला. कोणाची पाठ उसवायची, कोणाची बाही छोटी करायची, कोणाला फॉल. एकही नाही म्हणता येईना. कोणतं दार उद्या लागेल सांगता येत नव्हतं. भांडण तर कोणाशी करायची सोयच उरली नाही. नळावर कोणी तिची बादली मागं सारली तरी ती हसायची. पूर्वी हीच तृप्ती नळावर अशी बोलायची, की पाणी थांबावं. आता ती साऱ्या चाळीची सून झाली होती.

शिवणाचं तिला काही नव्हतं. तिला भीती होती ती प्रश्नांची.

"पन ही गोळी कायची हाय व?" बायजाबाईनं एकदा विचारलंच.

"शक्तीची."

"रोज रोज शक्तीची गोळी खाते, अन् पोट्टी वाळून काहून राहिली मंग?"

तृप्तीनं बाहीत सुई टोचली. खरं सांगायला तिची जीभ नुसती वळवळत होती. खरं सांगितलं असतं तर निम्म्या बायांनी दार उघडं ठेवलं असतं, शिवण न टाकता. पण घरातून हुकूम होता. हुकूम सासूचा, धुरपताबाईचा.

धुरपताबाईला वाईट म्हणू नये. नवरा लवकर गेला, तिनं उन्हात दगड फोडून प्रफुल्लला आणि प्रतिक्षाला वाढवलं. आता प्रतिक्षाचं लग्न हेच तिचं उरलेलं काम. मागच्या वर्षी एक सोयरीक अर्ध्यावर फिरली होती. कोणीतरी कुजबुजलं होतं म्हणे, की ह्या घरचं लेकरू सारखं दवाखान्यात असते. त्या दिवसापासून तिनं घरात सिकलसेल हा शब्दच बंद केला. "पोरीचे हात पिवळे होऊ दे," ती म्हणायची, "मंग चौकात उभी राहून सांग. तवर नाही."

"पन आई, प्रतिक्षाचं रक्त एकदा तपासून घेऊ ना. साधी तपासनी हाय," तृप्तीनं दोनदा म्हणून पाहिलं होतं.

"तपासलं का निघतेच!" धुरपताबाईनं उत्तर दिलं होतं. "न तपासता माही पोरगी चांगली हाय."

प्रफुल्लला विचारावं तर तो जेवणाच्या ताटावरून मान न उचलता म्हणायचा, "मायचं आयक. लगीन होऊ दे." दिवसभर जमिनीच्या पोटात राहणारा माणूस, घरी आल्यावर त्याला कशातच शिरायचं नसायचं. आणि प्रतिक्षा? तुमसरला एका दुकानात हिशेबाला जायची, बसमधून उतरली की मैत्रीसाठी पेरू आणायची, आणि गोळीचा विषय निघाला की उठून बाहेर जायची. तिला कळत होतं. कळलेलं तिला नको होतं. तृप्ती तिच्या पाठमोऱ्या वेणीकडे बघायची आणि तिला आपलीच लग्नाआधीची पाठ दिसायची. आपल्याला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर, हा विचार मनात आला की ती मशीन जोरात चालवायची.

अशात शहापूरचं स्थळ आलं. मुलगा अंकुश, भंडाऱ्यात नोकरी, आई निर्मलाबाई, हायवेला लागून घर. रविवारी पाहायला येणार. धुरपताबाईनं आदल्या दिवशीच बजावलं. "उद्या पोट्टी बाहेर दिसली नाही पाहिजे. बैल तर नाहीच नाही. पाहुण्यासमोर चाळीतली कोनी बाई गोळीचं बोलली तं माहं तोंड काळं."

म्हणजे रविवारी सकाळी सगळी दारं बंद. प्रफुल्लला पाळी बदलून मिळाली नव्हती, तो खाणीत. मैत्री मागच्या खोलीत, बैल मागच्या खोलीत, गोळी बैलाच्या पाठीवर. तृप्तीनं पोहे भिजवता भिजवता आर्जवं केली. धुरपताबाई स्वतः चिक्की घेऊन नातीसमोर उकिडवी बसली.

"घे व माय. मी देतो ना बोजारा. मी का तुह्या घरची हावो?"

मैत्रीनं तिच्याकडे नीट पाहिलं. "हो. तू आपल्याच घरची हाय."

दुसऱ्या कुठल्या दिवशी धुरपताबाईला ह्यानं उचंबळून आलं असतं. आज तिनं कपाळावर हात मारून घेतला. ऊन वर चढलं, गोळी तशीच. एखाद्या गोळीनं काही होत नाही, असं कोणीही म्हणेल. पण गादीखालच्या गोळ्या जिनं पाहिल्या तिला एकीचीही धास्ती पुरते. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. पाहुणे ठरल्या वेळेच्या आधीच आले.

पुढच्या खोलीत सतरंजी, तिच्यावर अंकुश, त्याचा मामा आणि निर्मलाबाई. निर्मलाबाई उंच, आवाज मऊ, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. प्रतिक्षा पोह्यांच्या बशा घेऊन गेली, बसली, दोन प्रश्नांची उत्तरं दिली. अंकुशनं एकदाच वर पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले. धुरपताबाईचा चेहरा फुलत चालला होता. स्वयंपाकघराच्या दारात तृप्ती चहा गाळत होती आणि मागच्या खोलीची कडी आपण लावली की नाही, हे आठवत होती.

लावली नव्हती. खडखड, खडखड असा आवाज आला.

पोरीचं डोकं कसं चालतं बघा. तिला बाहेर जायला मनाई होती, दारंच तिच्याकडे चालून आली होती. पाहुणे म्हणजे दुसऱ्या घरची माणसं. कपाळभर चांदण्या लावलेला, वाकड्या मानेचा बैल सतरंजीच्या काठाशी येऊन थांबला. पाठीवरच्या झाकणात गोळी.

"बोजारा द्या," मैत्री निर्मलाबाईला म्हणाली.

धुरपताबाईच्या तोंडचं पाणी पळालं. "शक्तीची गोळी हाय," ती घाईघाईनं म्हणाली. "जेवत नाही ना पोट्टी, म्हनून. तृप्ती, ने व हिले आत!"

तृप्ती पुढं आली, पण निर्मलाबाईनं हात वर करून तिला थांबवलं. ती गोळीकडे पाहत नव्हती, बैलाच्या कपाळाकडे पाहत होती. मग तिनं मैत्रीला जवळ ओढलं. "गोळी घे आंधी. घेतली? तोंड दाखव. जिभेखाली? शाबास माय." समोरचा पाण्याचा गिलास तिनं पोरीच्या ओठाला लावला. "पुरा पी. तळ दिसेस्तोवर." आणि पोरगी पीत होती तेवढ्या वेळात ह्या बाईनं तिची बोटं हातात घेऊन एकेक पेर हळूच दाबून पाहिलं, सूज आहे का म्हणून, जशी तृप्ती रोज सकाळी पाहते.

तृप्तीनं चहाचा ट्रे खाली ठेवला आणि निर्मलाबाईकडे नीट पाहिलं. जिभेखाली बघायचं हे गादी झटकल्याशिवाय कोणाला सुचत नाही.

"बोजारा?" मैत्रीनं आठवण करून दिली.

"हो, हो, देतो ना," म्हणत निर्मलाबाईनं पर्स उघडली, हात घातला, आणि सवयीनं जे हाताला आलं ते बाहेर काढलं. चमकत्या चांदण्यांचा कागद होता, अर्धा वापरलेला. तो दिसताच ती स्वतःच दचकली आणि कागद परत आत कोंबायला लागली. पण मैत्रीनं पाहिलं होतं.

"चांदनी!" ती ओरडली. "माह्या बैलाची चांदनी!"

मामा हसला. अंकुशनं मान खाली घातली. धुरपताबाईला काही उमगलं नाही. पाहुणी पोरीला जवळ घेते, लाड करते, एवढंच तिनं पाहिलं, आणि तिचा जीव भांड्यात पडला. "लय मायाळू हायेत तुम्ही," ती म्हणाली. मामानं पोह्यांची बशी खाली ठेवली. "मंग आमच्याकडून पसंती समजा. साक्षगंधाची तारीख काढू."

निर्मलाबाई तृप्तीकडे पाहत होती. नजर ओळखीची होती. तृप्ती साऱ्या चाळीकडे हल्ली तीच नजर घेऊन जात असे. उद्या दार लावू नका, एवढंच मागणारी.

आणि किती सोपं होतं! झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि इथं तर दोन मुठी समोरासमोर झाकलेल्या. ते आपलं कोणाला सांगणार नव्हते, आपण त्यांचं सांगायचं नव्हतं. आज पेढा तोंडात पडला असता, सासूच्या आयुष्याचं काम संपलं असतं, लग्नानंतर तृप्तीला चौकात उभी राहायची मोकळीक मिळाली असती. फक्त तोंड मिटून चहा द्यायचा होता. तृप्तीनं प्रतिक्षाकडे पाहिलं. प्रतिक्षा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, चोरून हसत होती. चार वर्षांनी हिच्या दारातही एक बैल उभा राहील, तृप्तीच्या मनात आलं. तिला तिथून पळून जावंसं वाटलं. पण पुढच्या दाराला कडी होती आणि मागच्या दारी ब्लाउजांचा ढीग.

"बाई," ती निर्मलाबाईला म्हणाली, "तुम्ही घरी चांदनी कोनाच्या हातावर लावता?"

निर्मलाबाईनं पर्सचा बंद घट्ट धरला, मग सोडून दिला.

"लहान्याच्या," ती म्हणाली. "अंकुशच्या पाठचा हाय, लय उशिरा झालेला. नऊ वर्षांचा. आज त्याले आतमंधी ठेवून, बाहेरून कडी लावून आलो मी. तुमच्या पोरीले पाहिलं तवाच समजलं मले. म्हटलं, बोलू नये."

"अन् अंकुशची तपासनी?"

"नाही केली. तपासलं का निघतेच."

हे शब्द ऐकल्यावर धुरपताबाईच्या डोक्यात सगळा उजेड पडला. एका वाक्यात तिला समोरचं घरही कळलं आणि आपलंही. ती उठली, तृप्तीच्या अंगावर धावून गेल्यासारखी आली. "माह्या पोरीचं घर बुडवलं व तू!" पण हात वर गेला नाही. ती तिथंच भिंतीला टेकून बसली आणि पदर डोळ्याला लावला. मामा चपला शोधायला लागला.

प्रतिक्षाचं हसू कधीच पुसलं गेलं होतं. ती रडेल असं तृप्तीला वाटलं. ती रडली नाही. एरवी हा विषय निघाला की बाहेर जाणारी पोरगी आज जागची हलली नाही, आणि थेट अंकुशला म्हणाली, "मी उद्या भंडाऱ्याले जाऊन तपासून येतो. तुमची नोकरी तिथंच हाय. तुम्हीही तपासा. मंग काय बोलाचं ते बोलू."

अंकुशनं आईकडे पाहिलं, मग प्रतिक्षाकडे, आणि हो म्हटलं. आवाज इतका लहान होता, की मामानं काय म्हणाला म्हणून विचारलं.

ह्या सगळ्या गोंधळात मैत्री एका जागी उभी होती. गोळी गिळून झाली, पाणी पिऊन झालं, आणि हात अजून रिकामाच. निर्मलाबाईनं कागदावरून एक चांदणी सोडवली आणि तिच्या हातावर लावली. मैत्रीनं चांदणी उजेडात धरून पाहिली. ती खरी आहे ह्याची खात्री झाल्यावर तिनं विचारलं, "तुमच्या पोट्ट्याले कोन देते बोजारा?"

"मीच देतो, माय. रोज. दार लावून."

मैत्रीनं मान हलवली. एवढ्या मोठ्या बाईला एवढं साधं कसं माहीत नाही, ह्याचं तिला नवल वाटलं असावं. तिनं बैलाची दोरी उचलली.

"असं नाही चालत," ती म्हणाली. "आपल्याच घरचा बोजारा नसते. त्याले आमच्या इथं पाठवा."